पंचावन्न चौकोन

गणिताच्या सरांना निःपक्षपातीपणाचा आजार होता. आजारच म्हणायला हवा, कारण तो त्यांना स्वतःला कधी जाणवला नाही आणि त्रास मात्र घरच्यांना झाला. त्यांची मुलगी सहावीत नेमकी त्यांच्याच वर्गात आली, तेव्हा त्यांनी घरात फतवा काढला: शाळेच्या फाटकाच्या आत ‘सर’ आणि ‘तुम्ही’, फाटकाबाहेर ‘बाबा’ आणि ‘तू’. मुलीने तो निमूट पाळला. सरांनी आपल्या बाजूने त्यात थोडी भर घातली. गणित सोडवताना एखादी पायरी गाळली तर इतरांचा अर्धा मार्क जायचा, मुलीचा एक. कुणी बोट दाखवायला नको! बोट दाखवायला कुणी आलंही नव्हतं, पण सर आधीच पांघरूण घेऊन बसले होते.

वर्षाच्या शेवटी शाळेत प्रगत गणिताच्या वर्गाची निवड होई. सातवीत जाणाऱ्या मुलांपैकी मोजकी मुलं तिथे बसत आणि बाकीच्यांपेक्षा पुढचं गणित शिकत. चांगले मार्क असलेली मुलं आपोआप आत जात. अडायचं ते काठावरच्या मुलांपाशी. त्यांच्यासाठी मुख्याध्यापिकाबाईंची एक रीत होती. शिक्षकाने मीटिंगमध्ये सगळ्या शिक्षकांसमोर उभं राहून त्या मुलाबद्दल बोलायचं. मार्क सांगायचे नाहीत, ते सगळ्यांना दिसतातच. मुलाने काय केलेलं तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय, ते सांगायचं. कुणीच बोललं नाही, तर मूल बाहेर.

सरांची मुलगी काठावर होती. का होती, हे वर आलंच आहे.

मुलीला त्या वर्गात जायचं होतं. तसं ती कधी म्हणाली नाही, पण निवडीच्या दिवशी सकाळी तिने दोनदा वेणी घालून घेतली आणि निघताना विचारलं, “बाबा, आज आहे ना ती मीटिंग?”

“बघू,” सर म्हणाले. हा त्यांचा निःपक्षपाती आवाज होता.

मीटिंगमध्ये सर पेटले होते. भिंगरी म्हणून एक मुलगी होती, जागेवर बसेल तर शपथ. तिने जिन्याच्या पायऱ्या उतरता उतरता पाढ्यांची एक युक्ती कशी शोधली, ते सरांनी हातवारे करून सांगितलं. भिंगरी आत गेली. मग ‘मुंगी’. हा मुलगा इतका हळू लिही की घंटा झाली तरी त्याचं पहिलंच गणित चालू असे. पण त्याचं उत्तर कधी चुकत नाही आणि तो दुसऱ्याचं खोडरबर मागत नाही, कारण त्याला खोडावंच लागत नाही, असं सर म्हणाले तेव्हा भाषेच्या बाईंचे डोळे पाणावले. मुंगीही आत गेला.

मग मुलीचं नाव आलं. सर उभे राहिले. शर्टाची घडी सारखी केली.

“माझं काही म्हणणं नाही.”

मुख्याध्यापिकाबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “नक्की?”

“नक्की.”

ती बाहेर राहिली. पीटीच्या सरांनी टेबलावर थाप मारली. “याला म्हणतात माणूस! नाहीतर एरवी आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं!” सरांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. सगळी दुनिया म्हणते त्याच्या बरोब्बर उलटं करून दाखवलं होतं त्यांनी: दुसऱ्याचा तो बाब्या आणि आपलं ते कार्टं. घरी जाताना ते रस्त्याच्या मधून चालले, आणि मागून सायकलवाल्याने शिवी दिली तीही त्यांना कौतुकासारखी वाटली.

मुलगी दारातच उभी होती. “काय झालं?”

सरांनी सांगितलं. तिने मान हलवली. मग विचारलं, “भिंगरीबद्दल काय बोललास?”

सरांनी पुन्हा हातवारे करून सांगितलं. मुंगीचंही सांगितलं. मुलगी खोडरबराच्या गोष्टीला हसलीसुद्धा.

“आणि माझ्याबद्दल?”

“तुझ्याबद्दल मी काहीच बोललो नाही. माझीच मुलगी ना तू.”

तिने दारातल्या चपला एका रेषेत लावल्या. “बोलण्यासारखं काही नव्हतं का, सर?”

त्या संध्याकाळी ती त्यांना ‘सर’च म्हणत राहिली. सर, पाणी हवंय का. सर, आई बोलावतेय, तुमचं ताट वाढलंय. आवाजात राग असता तर सरांना रागावून मोकळं होता आलं असतं. राग नव्हता. त्यांचीच शिस्त होती, फक्त फाटकाबाहेर आलेली.

“घ्या,” बायको म्हणाली, “पोरगी शहाणी केलीत. आता जेवा.”

सरांनी ताट पुढे ओढलं. मुलीबद्दल काय बोलता आलं असतं, ते सर आठवू लागले आणि त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. भिंगरीचा जिना आठवत होता, मुंगीचं खोडरबर आठवत होतं. मुलीचे आठवत होते फक्त कापलेले मार्क. वर्षभर त्यांनी तिच्या चुकांकडे पाहिलं होतं, तिच्याकडे नाही. सरांना स्वतःची लाज वाटली, आणि ती निःपक्षपातीपणे सगळीच्या सगळी वाटली.

मग आठवली आंघोळीची खोली. मागे एका सकाळी मुलगी आत जाऊन बसली ती बाहेरच येईना. सरांनी दार बडवलं होतं. ती टॉवेल गुंडाळून बाहेर आली आणि सांगू लागली की फरशीत नुसते छोटे चौरस चौकोन नसतात, चार फरश्या मिळून एक मोठा होतो, नऊ मिळून त्याहून मोठा, आणि असे सगळे मिळून इतके होतात. यावर सर म्हणाले होते, “दात घासलेस का?”

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुख्याध्यापिकाबाईंना गाठलं. त्या म्हणाल्या, “सगळ्यांसमोर झालेलं सगळ्यांसमोरच बदलतं.” मधल्या सुट्टीत सगळे जमले. सर पुन्हा उभे राहिले.

“माझ्या मुलीबद्दल बोलायचंय,” ते म्हणाले. पीटीचे सर हसले. “शेवटी बापच!”

“हो,” सर म्हणाले. कालचं मूठभर मांस तिथेच उतरलं.

त्यांनी फरश्यांची गोष्ट सांगितली. पाच बाय पाच फरश्या, त्यात पंचावन्न चौकोन. कुणी शिकवलं नव्हतं. फळ्यावर जाऊन त्यांनी मांडूनही दाखवलं: पंचवीस, सोळा, नऊ, चार, एक. दातांचंही सांगून टाकलं, कारण ते लपवून गोष्ट पुरी होत नव्हती. भाषेच्या बाई पुन्हा पाणावल्या, पण त्यांचं काय, त्या कशानेही पाणावत.

“बसू दे तिला,” मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या. “आणि पुढच्या वर्षी तिचे पेपर दुसरं कुणीतरी तपासेल.”

घरी सरांनी मुलीसमोर उभं राहून सगळं जसंच्या तसं सांगितलं, हातवाऱ्यांसकट. तिचे कान लाल झाले. शेवटपर्यंत ऐकून ती म्हणाली, “पंचावन्न?”

“पंचावन्न. पाच बाय पाच.”

“आपल्याकडे पाच बाय सहा आहेत. मी सत्तर म्हणाले होते. पाच बाय पाच तर कुणालाही येतं.”

आयुष्यात पहिल्यांदा सरांनी मुलीची बाजू घेतली होती, आणि तीही चुकीच्या उत्तरासकट. ते आंघोळीच्या खोलीत गेले, आतून कडी लावली, गुडघ्यांवर बसले आणि भिंतीपासून बोट ठेवत मोजू लागले. तीस. वीस. बारा.

“अहो, आत झोपलात की काय?” बायकोने दार बडवलं.

“थांब, चुकेल माझं!”

बाहेर कुजबुज झाली, हसणं झालं. मग दाराच्या फटीतून मुलीचा आवाज आला.

“बाबा, कडेच्या अर्ध्या फरश्या मोजू नकोस!”