हिरवा शेरा, लाल शेरा

फेनहाफेनच्या जिल्हा कचेरीत एक नियम असा होता, जो कुठल्याच नियमावलीत सापडला नसता. हिरव्या शाईने लिहायचं ते फक्त जिल्हाप्रमुखांनी. लाल शाई उपप्रमुखांची. उरलेल्या दोनशे माणसांनी निळ्या-काळ्यावर भागवायचं. नोकरीला लागलेला माणूस पहिल्याच आठवड्यात हे शिकायचा. एखाद्याने चुकून हिरवं पेन उचललं तर शेजारचा त्याच्याकडे असा बघे, की बिचारा ते गुपचूप खाली ठेवी. शाईमुळे मोठ्या लोकांची फार सोय झाली होती. समासात हिरवं 'हो' किंवा हिरवं 'नाही' लिहायचं, खाली एक वेटोळं काढायचं, की संपला विषय. नाव लिहायला नको, कारण द्यायला नको.

गेशे ओल्टमान्सला हे सगळं पोरखेळ वाटायचं. चव्वेचाळीस वर्षांची, कामाला वाघ आणि तोंडाने फटकळ अशी ही बाई तीन वर्षं सगळ्यांशी भांडून एक काम पदरात पाडून बसली होती: कचेरीतला कागद संपवायचा. इतके दिवस फाइल ट्रॉलीत बसून मजल्यामजल्यावर हिंडायची, प्रत्येक टेबलावर चार-चार दिवस झोपा काढायची आणि कुठे आहे म्हणून विचारलं तर कोणालाच ठाऊक नसायचं. आता अर्ज पडद्यावर येणार होता, एकाने हातावेगळा केला की आपसूक पुढच्याकडे जाणार होता, आणि कोणाकडे अडलाय ते सगळ्या कचेरीला दिसणार होतं. या शेवटच्या गोष्टीवरच लोकांचा खरा राग होता, पण तसं उघड म्हणायची सोय नव्हती.

दप्तरखान्याचे एनो डूइस हे तिचे हाडवैरी असायला हवे होते. छत्तीस वर्षं त्यांनी फाइली जपल्या होत्या आणि ही त्या नाहीशा करायला निघालेली. पण अकरा वाजले की गेशे तळमजल्यावर त्यांच्याकडेच चहाला जायची. कपात खडीसाखर, वर साय, आणि तीन कप घेतल्याशिवाय उठायचं नाही. त्याआधी उठणं म्हणजे यजमानाचा अपमान. तिसऱ्या कपापर्यंत दोघांचं भांडण रोज मिटायचं.

स्कॅनिंगला तीन महिने लागले. अकरा हजार फाइली. गेशेने सगळं काळं-पांढरं घ्यायला लावलं, कारण अक्षर स्वच्छ येतं आणि फाइल झटकन उघडते. काम सुरू करण्याआधी तिने प्रत्येक विभागाला विचारलं होतं की तुम्हाला पडद्यावर काय काय हवंय, ते लिहून द्या. चौऱ्याऐंशी पानं आली. कोणाला घड्या नीट दिसायला हव्या होत्या, कोणाला जुन्या तिकिटांवरचे शिक्के. रंगाबद्दल एक अक्षर कोणी लिहिलं नाही. जे सगळ्यांनाच माहीत असतं, ते सांगायचं कोणाच्या डोक्यात येत नाही. गेशेच्याही आलं नाही. स्कॅन झालेला कागद कुलूपबंद पेट्यांत जाऊन पडला. गुरुवारी गाडी येऊन तो लगद्याला नेणार होती आणि सोमवारपासून नवा कारभार सुरू होणार होता.

मंगळवारी सकाळी हिल्के पोपिंगा नावाची आजी कचेरीत आली. वय एकोणऐंशी, पायात चिखलाचे बूट, हातात नोटीस. खालच्या कालव्याच्या फाटकावर पूर्वी राखणदार असे. फाटक यंत्राने चालायला लागल्यावर राखणदाराची जागा गेली आणि त्याचं घर विकायला निघालं, ते हिने आणि हिच्या नवऱ्याने घेतलं होतं. घर त्यांचं, पण ते समुद्राच्या बांधाच्या पट्ट्यात, आणि त्या पट्ट्यात वस्ती करायला बंदी. नोटिशीत लिहिलं होतं की महिनाअखेर घर सोडा. कोणाला भेटायचं ते तिला कळेना, म्हणून ती ज्या दारावर 'नवी व्यवस्था' अशी पाटी होती तिथे शिरली.

"साहेबांनी शब्द दिलाय," ती गेशेला म्हणाली. "अठ्ठ्याण्णव साली मोठे साहेब स्वतः घरी आले होते. चहा प्याले आणि म्हणाले, राहा निवांत. तुमच्या त्या मशिनीत बघ, पोरी, असेल लिहिलेलं."

गेशेने मशिनीत बघितलं. पोपिंगांचा अर्ज होता. समासात एक शेरा: राहू द्यावे. त्याखाली दुसरा: राहता येणार नाही. दोन्हींवर तीच तारीख, दोन्हींखाली एकेक वेटोळं. आणि दोन्ही काळेभोर.

नोटीस काढणारा बांधकाम विभागाचा मार्टेन क्रूसे वरच्याच मजल्यावर होता. कचेरीत येऊन त्याला वर्ष झालं होतं आणि फाइल त्याने पडद्यावरच वाचली होती. तो सरळ म्हणाला, "दोन शेरे आहेत, तर खालचा नंतरचा. नंतरचा असतो तोच शेवटचा." त्याचं चुकलं असं म्हणता येईना. पण गेशेला आता कळलं होतं. यातला एक शेरा प्रमुखांचा होता आणि एक उपप्रमुखांचा, आणि कोणता कोणाचा हे सांगणारी एकच खूण तिने अकरा हजार फाइलींतून धुऊन काढली होती.

ती जिना उतरून डूइसांकडे गेली. त्यांनी तिच्या हातातल्या स्क्रीनवरचा कागद बघितला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. एक हिरवा आणि एक लाल होता, एवढं त्यांना आठवत होतं. कुठला कुठे, ते नाही.

"तुम्हाला तीन महिन्यांत एकदाही वाटलं नाही का हो, मला सांगावंसं?" गेशेने विचारलं.

"मला काय माहीत तुमच्या मशिनीत रंग दिसत नाहीत ते? मी कधी त्या पडद्यात डोकावलोच नाही." मग म्हणाले, "रागावलो होतो मी. तेवढं खरं."

असे शेरे असलेल्या फाइली किती असतील, त्याचा अंदाज त्यांनी बोटांवर केला. चार हजार तरी.

आता गेशेपुढे दोन वाटा होत्या. पोपिंगांची फाइल पेटीतून गुपचूप काढायची आणि गुरुवारी गाडी जाऊ द्यायची. कोणाला काही कळलं नसतं. नाहीतर गाडी थांबवायची आणि ज्यांच्याशी तीन वर्षं भांडली त्या सगळ्यांच्या हाती आयतं कोलीत द्यायचं. तिला भीती वाटली नाही असं नाही, पण विचार करायला तिने वेळ घेतला तो तीन मजले चढण्यापुरताच.

जिल्हाप्रमुख आल्मुट झीबेल्स विभागप्रमुखांची बैठक घेत होत्या. गेशेने सगळ्यांच्या देखत सांगितलं की चूक माझी आहे, काळं-पांढरं घ्यायचं मी ठरवलं, आणि शेऱ्यांच्या सगळ्या फाइली रंगात पुन्हा कराव्या लागतील. सहा आठवडे जातील. टेबलाच्या त्या टोकाला दोघं एकमेकांकडे बघून गालात हसले, तेही तिला दिसलं.

"एवढी एकच फाइल काढून भागणार नाही?" झीबेल्सबाईंनी विचारलं.

"नाही भागणार. या फाइलीतली बाई स्वतःच्या पायांनी चालत आली. बाकीच्या फाइलींतली माणसं येणार नाहीत. त्यांना कळणारच नाही."

गाडी थांबली. नवे अर्ज मात्र सोमवारपासून ठरल्याप्रमाणे पडद्यावरच येतील आणि पोपिंगांचं प्रकरण पहिलं, असं झीबेल्सबाईंनी जाहीर केलं. गालात हसणाऱ्यांचं हसू तिथेच विरलं.

बुधवारी डूइसांनी पेट्यांची कुलपं काढली. सक्त मनाई असूनही त्यांनी प्रत्येक पेटीच्या झाकणाला आतून पेन्सिलीने फाइलींचे क्रमांक घातले होते, म्हणून तासाभरात फाइल हाती आली. गेशेने ती ट्रॉलीवरच उघडली. 'राहू द्यावे' लाल होतं. 'राहता येणार नाही' हिरवं.

म्हणजे मोठ्या साहेबांनी नकार दिला होता. चहा पिऊन शब्द देऊन गेले ते उपप्रमुख. पोपिंगांना तेच मोठे साहेब वाटले असणार. वरून आलेला नकार कळवायला तिकडे कोणी फिरकलंच नाही आणि फाइल कपाटात गेली. मार्टेनची नोटीस बरोबर होती. एका म्हातारीचं घर वाचवायला म्हणून गेशेने आपली तीन वर्षं पणाला लावली होती, आणि हाती काय आलं, तर त्या म्हातारीच्याच विरुद्धचा पुरावा. तिला रडूच आलं असतं, पण डूइसांसमोर रडायची तिची तयारी नव्हती.

"काळ्या-पांढऱ्यात बरं होतं," डूइस हळूच म्हणाले. "तिथे निदान वाद घालता आला असता. ही फाइल मला सापडली नाही, असंही होऊ शकतं."

ते मनापासून बोलत होते आणि गेशेला क्षणभर मोह झाला. नुसतं मान हलवायचा अवकाश होता.

"सापडलीय तुम्हाला," ती म्हणाली, आणि फाइल घेऊन वर गेली. तो कागद तिने स्वतः रंगात स्कॅन केला. मग मार्टेनच्या टेबलापाशी जाऊन म्हणाली की तू बरोबर होतास. मार्टेनचं तोंड उतरलं. बरोबर असण्यात त्याला काही आनंद दिसला नाही. कोणी न सांगताच त्याने त्या दुपारी बांध मंडळाच्या अभियंत्याला फोन लावला.

सोमवारी सकाळी झीबेल्सबाईंच्या पडद्यावर नव्या व्यवस्थेतलं पहिलं प्रकरण उघडलं. लाल शेरा, हिरवा शेरा, आणि मार्टेनने मिळवलेलं मंडळाचं पत्र: त्या घराने बांधाला धोका नाही, बाई असेपर्यंत आमची हरकत नाही. झीबेल्सबाईंनी सगळं वाचलं आणि 'मान्य'वर बोट टेकवलं. पडदा पुढे सरकेना.

"कारण लिहावं लागतं," बाजूला उभी असलेली गेशे म्हणाली.

"मलासुद्धा?"

"सगळ्यांनाच. आणि खाली तुमचं पूर्ण नाव येतं. रंग नाही येत."

झीबेल्सबाईंनी तिच्याकडे जरा रोखून बघितलं. हिरव्या पेनाने हे काम दोन सेकंदांत झालं असतं. मग खुर्ची पुढे ओढून त्यांनी दोन बोटांनी लिहायला घेतलं. दोनदा खोडलं. शेवटी लिहिलं ते असं: अठ्ठ्याण्णव साली या कचेरीने नकार दिला आणि तो अर्जदाराला कळवला नाही. इतकी वर्षं आम्ही गप्प बसलो, त्याची शिक्षा त्यांना देता येणार नाही. बांध मंडळाची हरकत नाही. हिल्के पोपिंगा असेपर्यंत त्यांनी तिथे राहावे. आल्मुट झीबेल्स, जिल्हाप्रमुख.

पत्र टपालाने गेलं असतं, पण गेशे ते घेऊन दुपारी स्वतःच फाटकावर गेली. खरं काय घडलं ते पत्रात पुरतं नव्हतं, आणि ते कोणीतरी तोंडाने सांगायला हवं होतं. चहा ओतून झाल्यावर तिने सांगितलं की शब्द देणारे मोठे साहेब नव्हते, मोठ्या साहेबांनी नाहीच म्हटलं होतं.

हिल्के पोपिंगाने कपातली साखर विरघळू दिली. "म्हणजे सव्वीस वर्षं मी इथे अशीच राहिले."

"हो."

"नवरा जाताना म्हणाला होता, साहेबांचा शब्द आहे, तू घाबरू नकोस. बरं झालं, त्याला हे कळलं नाही." तिने पत्र डोळ्यांजवळ धरलं, शेवटपर्यंत वाचलं आणि नावावर बोट ठेवलं. "या बाई खरंच सगळ्यांत मोठ्या ना? यांच्यावर कोणी नाही ना?"

"कचेरीत तरी नाही."

आजीने पत्राची घडी केली, पुन्हा उलगडली आणि पत्र टेबलावर सपाट करून ठेवलं. मग ती वर छताकडे बघायला लागली. तिथे पिवळे डाग पसरले होते आणि कोपऱ्यात एक बादली ठेवलेली होती.

"मग आता छपराचं काम काढते," ती म्हणाली. "शब्द होता गं, पण बाहेर शिडी लावली तर कोणीतरी बघेल, विचारेल, म्हणून सव्वीस वर्षं हात लावला नाही."