माथेरानपुढे काय!

सेहेचाळीस सालचा दसरा झाला आणि आमचे हे मला मोटारीतून कर्जतहून राजपुताना दाखवायला घेऊन गेले. बिकानेरची वाळू उन्हात सोन्यासारखी लखलखत होती. ह्यांनी नाक मुरडलं, “आमच्या माथेरानपुढे काय!” उदेपुरात तेच, अबूच्या तळ्यावर तेच. तिथल्या हॉटेलवाल्याला तर ऐटीत म्हणाले, “माथेरानला आम्ही मोटार थेट बाजारात उभी करतो.”

माझं माहेर नेरळचं, माथेरानच्या पायथ्याशी. वर मोटारीचा रस्ताच नाही.

परतताना नेरळ आलं. म्हटलं, “अहो, घ्या ना मोटार वर.”

“चल! रस्ता कुठून जातो गं?”

मी दार उघडून खाली उतरले. “तो घोडेवाला उभा आहे. त्याला विचारायची लाज वाटली, तर घोड्याला विचारा.”