राखणदार वाळवी

कुंदाने विज्ञानकथा लिहिली तेव्हा तिचा हट्ट एकच होता. एकदा तरी किडे खलनायक नसावेत. आजवर तिने जे जे सिनेमे पाहिले, त्यांत मुंगी बसएवढी झाली रे झाली की माणसं खायला निघायची, जणू तिला दुसरा उद्योगच नाही. कुंदाच्या कथेत अंबरनाथची हवा नासते, माणसं श्वासाला महाग होतात आणि वारुळात हवा कशी खेळती ठेवतात ते शिकायला वाळवीकडे जातात. शेवटी माणूस वाळवीपुढे हात जोडतो. त्या शेवटावर कुंदाचा फार जीव होता. तो तिने आईकडूनच उचलला होता. माहेरी चामटोलीला बांधावरच्या आंब्याखालच्या वारुळाला आई, सगुणाबाई, दर नागपंचमीला लाह्या-दूध वाहायची. नागोबा कधी दिसला नाही, पण आतल्या वाळवीलाही ती शेताची राखणदारच म्हणायची.

कथा घेतली धर्मेशने. उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये लग्नांचे व्हिडिओ काढता काढता त्याला फिल्मचं वेड लागलं होतं.

"ताई, कन्सेप्ट एक नंबर," तो म्हणाला. "पण हात काय जोडायचे? पब्लिक को डर लगना चाहिए. वाळवी बाहेर येते, पोराला आत ओढते, खतम."

कुंदा भांडली, रुसली आणि शेवटी कबूल झाली. पडद्यावर कथालेखिका म्हणून नाव येणार होतं, आणि नावासाठी माणूस काय काय गिळतो. थर्माकोलचं वारूळ उल्हासनगरातच बनलं, अगदी हुबेहूब. शूटिंग तेवढं आईच्या बांधावर झालं. खऱ्या वारुळाला कुणी बोटही लावलं नाही, यावरच कुंदाने समाधान मानून घेतलं.

फिल्म मोबाइलवर आली आणि गावाने ती डोळे फाडून पाहिली. बांध आपला, आंबा आपला, आणि त्या आंब्याखालून निघून पोराला ओढून नेणारी वाळवी.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी कुंदा बदलापूरहून माहेरी आली. बांधावर औषधाचा उग्र वास सुटला होता. वारूळ फोडून टाकलेलं, आत मेलेल्या वाळवीचा पांढरा खच. शेजारचा हिरामण तिथेच फवारणीचा पंप हलवून बघत होता. कुंदा त्याच्यावर तुटून पडली.

"मला कशाला बोलतेस?" तो म्हणाला. "तुझ्या आईनीच बोलवलं मला."

सगुणाबाई ओट्यावर नातवाला मांडीवर घेऊन बसली होती. चेहरा शांत, उलट लेकीला बघून खुललेला.

"एवढी वर्सं पुजलं गं मी त्याला," ती म्हणाली. "आत काय हाय, मला अडाणीला काय ठावं? तू लिवलंस म्हणून कळलं. नायतर ह्यो पोर गेला असता."

"आई, ते खोटं होतं. मी मनाने रचलेलं."

"खोटं कशाला लिवशील तू, बाय?" सगुणाबाई हसली. "शिकलेली हायेस."

कुंदाला वाटलं, आईने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. कथेचा खरा शेवट सांगायला तिने तोंड उघडलं, पण तो आता तिचा राहिला नव्हता. आपणच तो विकला होता. तेवढ्यात हिरामण पंप पाठीवर टाकून अंगणातून पलीकडे निघाला.

"आता कुठे चाललाय हा?"

"वरच्या शेतात अजून दोन वारुळं हायत," सगुणाबाई म्हणाली. "म्हटलं, आजच उरकून घे. उद्या पंचमी. उद्या जमीन खणू नये."