पाहुणा घालवा

“मान सरळ ठेवा, मामा,” म्हणत भाच्याने नवा चष्मा मामांच्या नाकावर बसवला आणि दांड्या कानामागे नीट बसल्या का ते पाहिलं. आता मामा बॅग भरायला घेतील अशी त्याची फार आशा होती. मामांनी आधी भाचेसुनेकडे पाहिलं आणि ती बारीक झाल्याचं जाहीर केलं. मग छताकडे पाहून कोपऱ्यातल्या जळमटांची चौकशी केली. मग म्हणाले, “बारक्या, आता तो तुमचा कॉम्प्युटरवरचा खेळ लाव. इतके दिवस नुसताच तुमच्याबरोबर हसतोय. बघू तरी काय आहे ते.”

बारक्या म्हणजे आमचा हा भाचा. चाळिशी उलटली, पोट सुटलं, तरी मामांच्या तोंडून ते नाव काही सुटलं नाही. तो चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचा. ज्या दुकानात एकेका गिऱ्हाइकाला चष्म्यासाठी हेलपाटे घालावे लागत, तिथे मामांची भिंगं त्याने जेवणाच्या सुट्टीत बसून सगळ्यांच्या आधी तयार केली. मालक म्हणाला, मामावर केवढी माया याची. माया कसली, मामा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आठवड्याच्या बोलीवर आले होते. मग डोळा पुरता बरा होऊन चष्म्याचा नंबर ठरेपर्यंत थांबतो म्हणाले, आणि थांबले ते थांबलेच. चष्मा झाला की मामा जातील, एवढ्या एका आशेवर घर तग धरून होतं.

तोंडावर जा म्हणायची कोणाची छाती नव्हती. भाच्याची तर मुळीच नाही. भीड भिकेची बहीण म्हणतात, ती याच्या घरी कायमची मुक्कामाला होती. त्याने आपल्या मनाची जळजळ निराळ्याच वाटेने काढली. त्याला संगणकावर शब्दांचे खेळ रचायचा नाद होता. चित्रं नाहीत, आवाज नाहीत. पडद्यावर प्रसंग लिहून येतो, खेळणाऱ्याने आपण काय करणार ते टाइप करायचं, आणि संगणकाने पुढे काय झालं ते सांगायचं. त्याने नवा खेळ रचला. नाव ठेवलं ‘पाहुणा घालवा’. रविवारी मेहुणा आला की सगळे तो खेळत आणि पोट धरून हसत. मामा शेजारच्याच खुर्चीत असत. त्यांना पडद्यावर नुसता धुरकट उजेड दिसे. सगळे हसतात म्हणून तेही हसत.

आता खेळ बिघडलाय म्हणावं, असं भाच्याच्या जिभेवर आलं होतं. पण मेहुण्याने सकाळीच खेळून तो तसाच उघडा ठेवला होता, आणि मामा खुर्ची ओढून बसलेही होते. बायको स्वयंपाकघरात गेली आणि नळ मोठा सोडून भांडी घासू लागली.

मामा मोठ्याने वाचत होते. पाहुणा खुर्चीत बसला आहे. घसा खाकरतो आहे. त्यांनी एका बोटाने शोधून शोधून टाइप केलं, ‘चप्पल लपवा’. पडद्यावर आलं, ‘पाहुणा म्हणतो, बरं झालं, आता आठवडाभर बाहेर पडायला नको.’ मामा खळखळून हसले. चहात मीठ टाकून पाहिलं, तर पाहुण्याच्या घशाला आराम पडला आणि त्याने आणखी अर्धा कप मागितला. मामांनी मांडीवर थाप मारली. मग त्यांनी खेळातला पंखा बंद केला.

‘पाहुणा म्हणतो, बरं केलंस गं पोरी, मला थंडीच वाजत होती.’

हे वाक्य मामांनी मोठ्याने वाचलं नाही. भर उन्हाळ्यात सुनेने पंखा बंद केला होता, तेव्हा ते त्यांनीच म्हटलं होतं, अगदी याच शब्दांत. भाच्याला वाटलं, जमीन दुभंगावी आणि तिने आपल्याला पोटात घ्यावं. मामांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला. काच स्वच्छच होती.

मग त्यांनी सावकाश टाइप केलं, ‘पाहुण्याला सांगा, आता घरी जा.’

‘हे मला समजलं नाही,’ असं पडद्यावर आलं. ‘दुसरं काही करून बघा.’

मामांनी शब्द फिरवून फिरवून पाहिले. ‘पाहुण्याशी बोला.’ समजलं नाही. ‘खरं काय ते सांगा.’ समजलं नाही. भाच्याने खेळात दुसरा खोटा पाहुणारावळा घातला होता, खोटं आजारपण घातलं होतं, शेवटी घरच्यांनीच घर सोडून जायची युक्तीही घातली होती. सरळ सांगून टाकावं, हे त्याला सुचलंच नव्हतं.

“याला एवढं साधं समजत नाही होय?” मामांनी विचारलं.

“मामा, खेळ आहे नुसता,” भाचा म्हणाला.

“हो, हो. मजा आली.” मामा खुर्चीतून उठले. “पण बारक्या, तुझा हा पाहुणा वाईट नाही रे. त्याला कोणी सांगितलंच नाही.”

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. भाच्याने अख्खी शाळा मामांच्या घरी राहून काढली होती. त्यांच्या दोन खोल्यांत, त्यांच्याच अंथरुणात. तो कधी जाणार, हे तिथे कोणी विचारलं नव्हतं. आत्ताही मामांनी ते काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांची बॅग दाराशी होती. चार दिवस राहा, असं दोघांनी परोपरीने म्हटलं आणि म्हणताना एकमेकांकडे पाहिलं नाही. मामा सुनेला म्हणाले, तुझ्या हातचा चहा फार आठवेल.

स्टँडवर भाच्याने बॅग वर चढवून दिली आणि तो खाली येऊन उभा राहिला. खिडकीशी बसल्यावर मामांनी चष्मा काढला, घडी घालून डबीत ठेवला आणि डबी खिशात टाकली.

“घाला ना मामा, बाहेरचं दिसेल.”

“छान झालाय रे. अगदी स्पष्ट दिसतं,” मामा म्हणाले. “राहू दे आता.”

गाडी हलली. मामा हसून हात करू लागले. भाचा जिथे उभा होता तिथे नाही, जरा बाजूला, एका रिकाम्या बाकाकडे. भाच्याने हाक मारली नाही. तो मुकाट्याने सरकून त्या बाकापाशी जाऊन उभा राहिला आणि त्यानेही हात केला.