माझ्या चादरीतलं छिद्र

शनिवारी दुपारी सव्वादोन वाजता इद्रिस मिस्त्रींनी माझ्यावरची रबरी चादर उचलली. आत दोन दारं होती. दोन्हींवर फुगे आले होते.

मित्रांनो, मी एक जुना व्हॅक्यूम प्रेस आहे. विसरवाडीत महामार्गाला लागून पत्र्याची एक शेड आहे, तिथे मी उभा असतो. नाव मोठं असलं तरी माझं काम साधं आहे. प्लायवूडवर गोंद लावतात आणि त्यावर सागवानाचा कागदासारखा पातळ पापुद्रा बसवतात. त्याला विनियर म्हणतात. मग ती फळी माझ्या लोखंडी टेबलावर ठेवून वरून चादर घट्ट लावतात. माझा पंप आतली हवा ओढून घेतो. चादर फळीला चिकटते आणि बाहेरची हवा तिला सगळीकडून सारखी दाबते. गोंद धरेपर्यंत चार तास मी दाब सोडत नाही.

माझा जन्म वडोदऱ्याजवळच्या एका कारखान्यात झाला. सुरतेत मी सात वर्षं कपाटांची दारं दाबली. तिथे नवीन यंत्र आलं आणि मला भंगाराशेजारी ठेवलं. अकरा महिने माझ्यावर कबुतरं बसत होती. मग इद्रिस मिस्त्री आणि त्यांचा जोडीदार कारागीर पितांबर मला पाहायला आले. पितांबरने आधी बाहीने माझ्या दाबमापकाची काच पुसली. "चालशी का रे बाबा?" असं त्याने विचारलं. विकणाऱ्याला नाही, मला.

त्याला बारा वर्षं झाली. पितांबर कोरीटचा. आठवडाभर तो शेडमागच्या खोलीत राहायचा आणि शनिवारी बसने गावी जायचा. गोंद पितांबरने लावायचा, विनियर मिस्त्रींनी बसवायचं, ही वाटणी कधी बदलली नाही. दातेरी पट्टीने गोंद पसरून झाला की पितांबर त्यावर बोट टेकवून पाहायचा.

"पितांबर, पोळीले तूप लाई ऱ्हायना का?" मिस्त्री विचारायचे.

"तूपच शे हाई. चाटी देखा."

विसरवाडीत वीज गेली की पंप थांबतो. तेव्हा पितांबर धावत येऊन झडप बंद करायचा, म्हणजे आत हवा शिरत नसे. तास झाला तरी माझा काटा जागचा हलायचा नाही. मला त्याचा अभिमान होता. आता ते सांगायला संकोच वाटतो.

दर दसऱ्याला पितांबर माझी पूजा करायचा. यंदा त्याच्या शेतात कापूस वेचायला माणसं मिळाली नाहीत, म्हणून दसऱ्याला तो गावीच राहिला. सकाळी त्याचा फोन आला. मिस्त्रींनी तो स्पीकरवर टाकून माझ्या टेबलावर ठेवला.

"इद्रिसभाई, आज मशीन बोडकी नका ठेवज्यात."

"पूजा माले येस नही. हार घाली देसू."

"बस, तितलं पुरे."

मिस्त्री स्टँडवर जाऊन झेंडूचा हार घेऊन आले. चादरीच्या लोखंडी चौकटीवर दोरा टिकेना, म्हणून त्यांनी तो बारीक तारेने बांधला. संध्याकाळी हार काढताना तारेचं टोक माझ्या चादरीत शिरलं आणि बाहेर आलं. टाचणीएवढं छिद्र पडलं. मला कळलं, मिस्त्रींना कळलं नाही. पंप चालू असेल तर एवढ्या छिद्राने काही बिघडत नाही, कारण आत आलेली हवा तो ओढत राहतो. पितांबर कामावर परतला. चालू कामात वीज गेली नाही, म्हणून नऊ दिवस तसेच गेले.

शनिवारी सकाळी दहा वाजता खापर गावच्या नवलसिंग गुरुजींच्या घराची दोन दारं आत घातली. विनियर एकाच ओंडक्याचं होतं. दारं मिटली की दोन्हींवरच्या रेषा जुळाव्यात, असं ते निवडलेलं होतं. तसं पुन्हा मिळणार नव्हतं. दहा वीसला वीज गेली. पितांबरने झडप बंद केली, काटा पाहिला आणि दोघे बाहेर ट्रकमधून प्लायवूड उतरवायला गेले. माझा काटा हळूहळू घसरला. अकरा वाजता तो शून्यावर होता. साडेअकराला वीज आली, पण तोवर गोंद दाबाविना वाळून कडक झाला होता. मिस्त्रींनी येऊन झडप उघडली. काट्याकडे त्यांनी पाहिलं नाही. बारा वर्षांत तो कधी घसरला नव्हता.

मग सव्वादोन वाजले.

"गोंद कमी पडना," मिस्त्री म्हणाले.

"मन्हा हातनं कमी पडस नही, इद्रिसभाई."

"तुन्हं ध्यान कापूसमा शे."

पितांबरने एका फुग्यावर बोट टेकवून पाहिलं. मग त्याने दातेरी पट्टी धुतली, पुसली आणि खिळ्याला अडकवली. "बारा सालमा तुम्ही पयलांदाव असं बोलनात," तो म्हणाला आणि पावणेतीनच्या बसने गेला. शनिवारी तो नेहमीच जातो. सोमवारी तो आला नाही.

आज मंगळवार. सकाळी नऊ वाजता मिस्त्रींनी एका दारावरचं विनियर सोलून काढलं. खाली गोंद होता. कोपऱ्यापर्यंत, सगळीकडे सारखा. दातेरी पट्टीच्या ओळीसुद्धा तशाच उभ्या होत्या. दाब शेवटपर्यंत टिकला असता तर त्या सपाट झाल्या असत्या. मिस्त्री बराच वेळ त्या ओळींवरून बोट फिरवत बसले. मग त्यांनी माझी चादर चौकटीतून सोडवली, पत्नी सकीनाबींना एक टोक धरायला लावलं आणि ती उजेडात धरली. काळ्या रबरात एक ठिपका चमकला. चौकटीवर त्याच जागी तारेचा तुकडा अजून होता.

"हाई तर मीच बांधेल व्हतं," मिस्त्री म्हणाले.

सकीनाबींनी चादरीचं टोक टेबलावर ठेवलं. मग म्हणाल्या, "जाईसन सांगा. फोन नका करज्यात."

मित्रांनो, मला बोलता येत नाही. माझ्याजवळ फक्त एक काटा आहे. तुमच्या घरात, शाळेत काट्यांची यंत्रं असतील, त्यांचे काटे रोज पाहत जा. जे कधीच चुकलं नाही, त्याचाही काटा पाहा. आणि माणसाला बोल लावण्याआधी चादर एकदा उजेडात धरा.

मिस्त्रींनी छिद्रावर रबराचं ठिगळ लावलं. तारेचा तुकडा खिशात टाकला आणि दहा वाजता मोटारसायकलवर कोरीटला निघाले. आता संध्याकाळचे पाच वाजले आहेत. ठिगळ वाळलं आहे. दातेरी पट्टी खिळ्यावरच आहे. मिस्त्री अजून परतलेले नाहीत.