खिडकीचा गुन्हा

संत निकोलाच्या दिवशी नेव्हेन्काच्या घरी कुणाला बोलावावं लागत नाही. तो या घराण्याचा रक्षक संत, त्याच्या सणाला गोत आपणहून येतं. एरवी सुनेला, यासनाला, त्याचं काही वाटलं नसतं. पण या आठवड्यात तिला बेलग्रेडला जायचं होतं. ऑपेराच्या वृंदात गायकांची निवड होती आणि वयाच्या अटीमुळे तिची ही शेवटचीच संधी. चपलांच्या दुकानात उभं राहून तिने वर्षानुवर्षं गळा जपला होता. आता एवढा आठवडा निभावला की झालं.

नवऱ्याचा मामा मोमचिलो शिंकतच दारात आला. आल्या आल्या यासनाला छातीशी धरून त्याने गालांचे तीन पापे घेतले. एकावर भागलं असतं की! पण तिसरा चुकवला तर जन्मभर बोलणी खावी लागतात.

"मामा, सर्दी झालीय तुम्हाला."

"छे गं! काल टोपी न घालता दुधाला गेलो, तेवढंच."

खोलीत वीसेक माणसं, तळलेल्या माशांचा वास, सिगारेटींचा धूर. काचांवरून पाणी ओघळत होतं आणि मामा टेबलाच्या टोकाला बसून मनसोक्त खोकत होता. यासनाने उठून खिडकी बोटभर उघडली.

"प्रोमाया!" अख्खं टेबल किंचाळलं. वाऱ्याचा झोत, दुसरं काही नाही. पण साप निघाला असता तरी एवढा गोंधळ झाला नसता.

"वारं लागून कुणाचं तोंड वाकडं करायचंय का तुला?" नेव्हेन्काने खिडकी धाडकन लावली आणि फटीत घोंगडी कोंबली.

"आई, वाऱ्याने नाही होत सर्दी, माणसाकडून होते! थंडीने नाक जरा हळवं होत असेल, पण..."

"मग हिवाळ्यातच का होते, शहाणे?" नवरा व्लादान हसत म्हणाला.

"कारण हिवाळ्यातच आपण असे दारं-खिडक्या लावून एकमेकांच्या तोंडावर खोकत बसतो!"

सगळे खो खो हसले. पालथ्या घड्यावर पाणी. यासनाचं डोकंच फिरलं. ती तशीच अंगणात गेली आणि बर्फात उभी राहून पोटभर स्वच्छ हवा घेत राहिली. काच पुसून पुसून सगळं गोत तिच्याकडे बघत होतं.

निवडीच्या आदल्या दिवशी तिचा आवाज बसला. बसला म्हणजे पार गेलाच. भरलेली बॅग दाराशी तशीच पडली. नेव्हेन्काने राकियात, घरच्या कडक दारूत, भिजवलेले मोजे तिच्या पायांत चढवले.

"उघड्या डोक्याने बर्फात उभी होतीस. आम्ही सगळ्यांनी पाहिलंय."

यासनाने तोंड उघडलं. नुसती फुसफुस. आयुष्यात ती कधी एवढी चिडली नव्हती. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि संन्याशाला बोलायचीही सोय नाही!

तेवढ्यात फोन वाजला. मोमचिलोमामा होता. त्याचा आवाज खोलीभर ऐकू येत होता.

"नेव्हेन्का, तुझ्या सुनेने ती खिडकी उघडली ना, तेव्हापासून अंथरुणात आहे मी!"

"घे," सासूने फोन यासनाच्या हातात दिला. "माफी माग त्यांची."

यासनाने फोन तोंडाशी धरला आणि मनात साठलेलं सगळं, अगदी सगळं, त्याला सुनावलं.

"हॅलो? हॅलो?" मामा ओरडला. "नेव्हेन्का, इकडे नुसता वारा येतोय. खिडकी लाव आधी!"