तिसरा रेग्युलेटर

पुणतांब्याच्या प्रवीणने जीपच्या बॅटरीवर मोबाईल चार्ज करायला पाच व्होल्टचं सर्किट बनवलं होतं. टेबलावर ते झकास चालायचं. गाडीत बसवून चावी फिरवली, की त्यातला व्होल्टेज पाचवर आणणारा रेग्युलेटर खलास! दोन जळाल्यावर त्यानं नगरच्या दुकानदाराला फोनवर शिव्या हासडल्या, "डुप्लिकेट माल खपवतो लेकाचा!"

तिसरा बसवताना मात्र त्याचा जीव मेटाकुटीला आला. "आई, आता तूच हळदकुंकू लाव याला, म्हणजे तरी टिकेल!" तो वैतागून ओरडला.

छबूबाईनं पाण्यात कुंकू कालवलं आणि रेग्युलेटरच्या तारेसारख्या तिन्ही उघड्या पायांवरून ओलं बोट आडवं फिरवलं; तिन्ही पाय एकाच ओल्या रेघेनं जोडले गेले.

"आरं, मागच्या दोघांला बी लावलं हुतं की," ती म्हणाली, "तू टेबलावर तपासून आंघोळीला गेल्यावर."